खुंटापुरतं गाव

काका आता बोटीवर नाहीत. दोर दुसरा खलाशी फेकतो. बरा फेकतो. बोट वेळेवर लागते, वेळेवर सुटते, आणि मी माईकवर नेहमीचंच बोलते. तरी शेवटच्या धक्क्याशी आलो की माझं वाक्य अजून मध्येच तुटतं.

बोटीवर त्यांना सगळे पीळ म्हणत. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, त्यातला पीळ. मी काका म्हणायचे. ते मला पोरी म्हणायचे, आणि चिडवायचं असलं की एम.ए. म्हणायचे. साहित्यात एम.ए. करून मला मिळालेली पहिली नोकरी म्हणजे ही फेरीबोट. उत्तरेच्या किनाऱ्याने चार बंदरं करत वर जायचं आणि तशीच करत खाली यायचं. जाताना प्रवाशांना म्हणायचं, उजवीकडे पाहा. येताना म्हणायचं, डावीकडे पाहा. किनारा सुंदर आहे, यात वाद नाही. काळे कडे सरळ पाण्यात उतरतात. कड्यांच्या कपारींत पांढरे पक्षी बसलेले असतात. मध्येच खाडी आत शिरते आणि तिच्या टोकाशी चार घरं दिसतात. पहिल्या महिन्यात मी हे सांगताना माझाच आवाज भरून यायचा. नंतर सवयीने सांगू लागले. नंतर तर खिडकीबाहेर न बघताही सांगता यायचं.

काकांनी हा किनारा कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे डोळ्यांसमोरून सगळा गेला होता. पण त्यांच्या लेखी गाव म्हणजे धक्क्यावरचा बोट बांधायचा लोखंडी खुंट, आणि त्याच्यामागे जेवढं दिसेल तेवढं. पहिलं बंदर मासे खारवणाऱ्यांचं. त्याचा वास गावाच्या आधी येतो. काका म्हणत, "तिथला खुंट गंजलाय, फास घासतो." दुसरं लाकडाच्या वखारींचं. ओंडके पाण्यातच तरंगत असतात. काकांच्या भाषेत, "खुंट चांगला, पण मधे लाकडं येतात मेली." तिसऱ्या गावात सगळे रस्ते जिन्यांचे आहेत, आणि जकातीच्या कचेरीवरचं घड्याळ बंद पडलेलं आहे. तिथला खुंट म्हणे वाकडा.

"आणि चौथा?" मी विचारलं होतं.

"चौथा सरळ आहे," काका म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.

डाव्या हाताने. उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला होता. ठेवला म्हणजे डाव्याने उचलून ठेवला, एखादी पिशवी ठेवावी तसा.

त्यांचं काम मी आधी सांगायला हवं होतं. बोट बांधायचा दोर मनगटाएवढा जाड असतो. तो कोणी फेकत नाही, फेकला जाणारही नाही. आधी एक बारीक दोरी फेकायची. तिच्या टोकाला गाठींवर गाठी मारून केलेला मुठीएवढा गोळा असतो. धक्क्यावरचा माणूस ती पकडतो आणि ओढतो. तिच्यामागून जाड दोर येतो. दोराच्या टोकाचा फास तो खुंटात घालतो, आणि मग बोट बांधली गेली म्हणायचं. निघताना फास काढायचा की बोट मोकळी. फेकणाऱ्याचा खांदा धड असावा लागतो. काकांचा उजवा खांदा वर्षभरापासून कामातून गेला होता.

हे बोटीवर सगळ्यांना माहीत होतं. कप्तानालाही माहीत होतं. तो बोट जरा जास्तच धक्क्याजवळ घ्यायचा आणि वाऱ्याला शिव्या द्यायचा, म्हणजे दोष वाऱ्याकडे जाईल. धक्क्यावरचे लोकही सांभाळून घेत. काका वरून ओरडत, "अरे ए, पुढे ये की! जावई आहेस का मागे मान घेऊन उभा राहायला?" मग तो हसत पुढे येई, अगदी कडेला, वाकून. दोरी कशीबशी त्याच्या बोटांत पडे. तीन गावांत हे असं चाले.

चौथ्या गावात काका ओरडत नसत. तिथे दोरी पकडायला एक उंच, वाकलेला माणूस असे. काका नजर खुंटावर ठेवून दोरी फेकत. तो ती पकडे, दोर ओढे, फास घाली. शब्द नाही, मान हलवणं नाही. मला आधी वाटलं तो मुका असेल.

"मुका कसला," कँटीनवाली मावशी म्हणाली. "सख्खा धाकटा भाऊ आहे. दोघं एकाच पिठाचे. हा बोलला तर तो बोलेल, तो बोलला तर हा बोलेल. बसा वाट बघत."

काकांनी मला ते स्वतःच सांगितलं. परतीच्या एका दुपारी, डेकवर ओल्या दोराची वेटोळी घालताना. त्यांनी मान वर केली नाही, हातही थांबवला नाही.

"आमची आई तिथेच वर राहायची. हिरव्या दाराचं घर आहे ना, ते. तिचं शेवटचंच चाललं होतं. बोट लागली. हा खुंटाशी उभा. म्हणाला, उतर. मी म्हटलं, आज दोराला दुसरं कोणी नाही. पुढच्या फेरीला उतरतो. म्हणाला, अरे, उतर. मी म्हटलं, बोट थांबत नसते कुणासाठी. दोर सोड."

"मग?"

"मग काय. सोडला त्यानं."

"आणि पुढच्या फेरीला?"

"वाटेत वादळ. आठवडाभर आम्ही वखारींच्या बंदरात अडकलो." त्यांनी एक वेटोळं पायाने सारखं केलं. "आलो तेव्हा सगळं झालं होतं. खुंटाशी हा उभा. मी दोरी फेकली. त्यानं पकडली. तेव्हापासून असंच आहे."

ते दुसऱ्या दोराकडे वळले.

मग बोटींची मालकी बदलली. नवे साहेब बोटीबोटीवरून फिरू लागले. मऊ आवाजाचा, सडपातळ माणूस. कुणाला टाकून बोलत नसत. ज्याला काम झेपत नाही त्याला किनाऱ्यावर हलवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्या बोटीवरून एक खलाशी तिकीट खिडकीत गेला, एकाला गोदामात बसवलं. पुढच्या फेरीला साहेब आमच्या बोटीवर असणार हे कळलं तेव्हा मावशीने काकांच्या खांद्याला गरम पिशवी बांधली. काकांनी ती बांधू दिली.

"तिकीट खिडकी काय वाईट आहे?" मी म्हटलं. "संध्याकाळी घरी जाता येईल."

"घरी?" काका म्हणाले. कारखान्यांमागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. काकू गेल्यावर ते तिथे फक्त कुलूप बघायला जात. "तिथे एक नळ आहे. गळतो. तेवढीच सोबत. जमीन हलत नाही पोरी, तर झोप लागत नाही मला. बोट सुटली तर मी संपलो."

"मग भावाला सांगा ना, पुढे उभा राहा म्हणून. तीन गावांत सांगता, तसंच. दोनच शब्द आहेत."

"दोन शब्दांना तोंड उघडायचं. आणि आधीचे सगळे आत रांग लावून उभे आहेत, त्यांचं काय करू?"

"मी माईकवरून सांगते."

तेव्हा मात्र ते हसले. "सांग. उजवीकडे पाहा, एक सुंदर म्हातारा दिसेल." हसताना खांदा दुखला. त्यांनी तो धरला. "नको. तो पकडतो. नेहमी पकडतो."

साहेब आले त्या दिवशी आकाश राखेसारखं होतं. प्रवासी कमी होते. साहेब डेकवर एका बाजूला कोटाची कॉलर वर करून उभे राहिले. पहिल्या धक्क्यावर जमलं. दुसऱ्यावर ओंडके वाटेत होते, तरी जमलं. तिसऱ्यावर पकडणारा इतका वाकला की मला वाटलं, हा पडतोच आता. दोरी त्याच्या बोटांच्या टोकांवरून घसरता घसरता राहिली.

मी कँटीनमध्ये आले. "काही बोलले का साहेब?" मावशीने विचारलं.

"नाही."

"गप्प साहेब वाईट," ती म्हणाली.

चौथ्या बंदरात वारा जमिनीवरून येत होता, थेट तोंडावर. धक्का तिथे पाण्यापासून उंच आहे, दगडी. वर चढत गेलेली घरं, टोकाशी ते हिरवं दार. मी माईक हातात घेऊन बोलत होते, उजवीकडे कड्यावर पाहा, हजारो पक्षी... आणि काकांनी दोरी फेकली. ती वर गेली, वाऱ्यात थांबल्यासारखी झाली आणि सरळ खाली पाण्यात पडली.

मी बोलायची थांबले.

साहेबांनी वर कप्तानाच्या काचेकडे पाहिलं. कप्तानाने बोट मागे घेतली. धक्का आणि बोट यांच्यामधलं पाणी रुंद होऊ लागलं. काका दोरी परत ओढत होते, डाव्या हाताने, गुडघ्याशी दाबून धरत. ती भिजून जड झाली होती. त्यांनी ती हातात गोळा केली. खुंटाकडे पाहिलं. आणि मग, मी बघत होते म्हणून सांगते, नजर खुंटावरून उचलली.

"पुढे ये!" ते ओरडले.

धक्क्यावरून लगेच उत्तर आलं. जसं काही ते तोंडातच धरून ठेवलेलं होतं.

"पुढेच आहे! वर्ष झालं पुढेच उभा आहे! डोळे फुटलेत का? फेक!"

मी पाहिलं. त्याच्या टाचाच तेवढ्या दगडावर होत्या. चवडे बाहेर होते, पाण्यावर. एक वर्ष. मी आठवड्यातून दोनदा या गावाचं वर्णन करत होते. मलाही दिसलं नव्हतं.

काकांनी डाव्या हाताने, खालून, झोका देऊन फेकली. पुन्हा अपुरी पडणार हे सुटतानाच कळलं. पण भाऊ वर नव्हताच. धक्क्याच्या लोखंडी शिडीवरून तो तोवर उतरला होता. एका हाताने पायरी धरलेली, कमरेपर्यंत पाण्यात. गोळा त्याच्यापासून हातभर दूर पडला. तो त्याच्यावर वाकला, पायरी सुटता सुटता राहिली, आणि गोळा त्याच्या हातात आला. दोरी खांद्यावर टाकून तो शिडी चढला. दम घेत, मध्ये थांबत, चढला. दोर ओढला. फास खुंटात घातला.

बोट बांधली गेली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रवासी सामान शोधत होते. साहेब काकांजवळ आले. खरंच हळू आवाजात बोलले. "काका, आता पुरे. उद्यापासून खिडकीवर. बसून काम आहे."

"बसायचंच तर जमत नाही मला," काका म्हणाले. पण भांडले नाहीत. पुरे हे त्यांनाही कळलं होतं. ओली दोरी त्यांनी दुसऱ्या खलाशाच्या हातात दिली आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळून उभे राहिले.

खाली भाऊ ओल्या विजारीनिशी निथळत उभा होता. त्याने वर पाहिलं.

"उतर," तो म्हणाला.

काका म्हणाले, "दोराला..." आणि थांबले. दोराला दुसरा माणूस होता. तो त्यांच्या शेजारीच उभा होता.

ते फळीवरून खाली उतरले. पिशवीही घेतली नाही. एवढ्या फेऱ्यांत त्यांना त्या धक्क्यावर चालताना मी पहिल्यांदा बघत होते. जमीन हलत नसल्यामुळे ते डुलत चालले. चार पावलं गेले आणि दमले. बसायला तिथे काही नव्हतं. ते खुंटावर बसले.

खोकी उतरली. माणसं चढली. कप्तानाने भोंगा वाजवला.

"ऊठ," भाऊ म्हणाला.

"जरा बसू दे."

"अरे, तुझ्या बुडाखाली फास आहे. बोट सोडायचीय. ऊठ!"

"दम खाऊ दे रे."

"बोट थांबत नसते कुणासाठी. कोण म्हणालं होतं?"

"मी."

"मग?"

"मग थांबू दे आज."

भोंगा पुन्हा वाजला. साहेब कठड्याशी येऊन खाली बघू लागले. प्रवाशांपैकी एकाने मला विचारलं, "हे दोघं कोण?" सांगायचं माझंच काम होतं. माईक हातात होता. मी तो खाली ठेवला.

भाऊ काही वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग तोही वाकला, खुंटाला पाठ टेकून खाली दगडावर बसला आणि विजारीचं टोक पिळू लागला. काका हिरव्या दाराकडे बघत होते. बोट बांधलेलीच होती. तिसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा दोघांनीही मान वळवली नाही.