टांगलेला चक्का

कडुलिंबाच्या फांदीला शेळीच्या दह्याचं फडकं टांगलंय. त्यातून पाणी टपटपतंय आणि मी सकाळपासून तेच बघत बसलोय.

पन्नास वर्षं आमच्या घरचा चक्का असाच निथळतो. दूध तापवायचं नाही, कच्च्यालाच विरजण लावायचं, ही माझ्या आईची रीत. पहिला चिमूटभर कारभारणीनं चाखायचा, मगच बाजारात न्यायचा. शेळी दुखण्यानं बसली की इंजेक्शन मीच टोचायचो, तेही अर्धंच. ती चरायला लागली की औषध बंद. डॉक्टर कशाला बोलवायचा? शेळ्या माझ्या हाताखालच्या.

आता कारभारीण तापानं पडलीय. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, "बाबा, तिच्या पोटातले जंतू औषधाला दाद देत नाहीत. अर्ध्यामुर्ध्या डोसाला सरावलेत. कच्च्या दुधातून आले असतील."

"माझ्या दुधाला नावं ठेवू नका!" मी ओरडलो. पण त्याचं बोलणं काही डोक्यातून जाईना. मी चौथी नापास. आणि एवढासा जंतू माझ्याच हाताखाली शिकून हुशार झाला. हट्टी तर माझ्याच वळणाचा.

आतून तिचा खोल गेलेला आवाज आला, "अवं, निथळला का? चिमूटभर आणा की."

मी फडकं सोडलं, चक्का बोटावर घेतला आणि उंबऱ्यातच थांबलो. आत पाय उचलेना, मागेही फिरवेना.

"आणताय ना?"

"आज नको. बिघडलाय," मी म्हणालो.

पन्नास वर्षांत माझ्या चक्क्याला मी पहिल्यांदा नाव ठेवलं.