सुट्टी देवीला विचारून

हा अनुभव लिहावा की नाही, यात माझी बरीच वर्षं गेली. असे अनुभव मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत लिहिणाऱ्याचं शेवटी भलं होतं. दुखणं बरं होतं, अडलेलं काम मार्गी लागतं. माझ्या अनुभवात एका म्हातारीचा जीव गेला आणि माझं पद गेलं. तरीही त्या दिवशी देवीने माझा हात धरला होता, असं मला आजही वाटतं. लिहिताना लाज वाटते, ते आधीच सांगून टाकते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरच्या जे. पी. नगरात तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. तिथे एका ट्रस्टने थकलेल्या, आजारी म्हाताऱ्या बायकांसाठी आश्रम काढला होता. सरकारी इस्पितळातून निवृत्त होऊन मी तिथे मेट्रन झाले. बावीस खाटा, नऊ आया. सगळ्या मला अक्का म्हणायच्या. रोज सकाळची प्रार्थना झाली की मी त्यांना सांगायची, "ही नोकरी नाही, सेवा आहे." ते मला मनापासून पटलेलं होतं. मी स्वतः महिनोन्महिने सुट्टी घेत नसे आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. घरी जाऊन तरी करायचं काय, हा प्रश्न होता, हे मात्र मी कुणाला सांगत नसे.

आमचं कुलदैवत बदामीची बनशंकरी. आश्रमाच्या प्रार्थनेच्या खोलीत तिची मोठी तसबीर मीच लावून घेतली होती. कुणी सुट्टी मागायला आली की मी म्हणायची, "मला कशाला विचारतेस? आत जा, देवीपुढे उभी राहा आणि तिला विचार. ती हो म्हणाली तर खुशाल जा." बाई आत जायची, दोन मिनिटांनी बाहेर यायची आणि मुकाट्याने कामाला लागायची. मी एकीलाही सुट्टी नाकारलेली नाही, असं ट्रस्टच्या सभेत मी मान वर करून सांगायची. दोघीतिघी मात्र हुशार निघाल्या. त्या विचारायलाच येत नसत, सरळ दांडी मारत, आणि त्यांची पाळी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडे. ही दुसरी कुणी म्हणजे बहुतेक वेळा गौरव्वा असायची.

गौरव्वा अथणीकडची, पस्तिशीची. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. नवरा वारलेला. आश्रमामागच्या खोलीत ती म्हाताऱ्या सासूला घेऊन राहायची; ती खोली नोकरीबरोबर मिळालेली. हात इतका हलका की कूस बदलून दिली तरी आजींची झोप मोडायची नाही. "गौरव्वा, आज दुपारचीही पाळी करशील?" असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "सरी अक्का, मी हाय की." सगळ्यांसमोर मी तिला देवमाणूस म्हणायची. एकदा देवमाणूस म्हटलं की तिचे पाय दुखतात का, ती जेवली का, हे विचारायची गरजच मला वाटत नसे. ती फक्त एकदा सुट्टी मागायला आली होती. तिलाही मी आत पाठवलं. ती बाहेर आली आणि तिने बादली उचलली.

मार्चमध्ये एके दिवशी दोन आया एकदमच आल्या नाहीत. गौरव्वाने रात्रपाळी करून त्यालाच जोडून सकाळची पाळी धरली. तिला आठवड्याची सुट्टी मिळून किती दिवस झाले होते, ते मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अकराच्या सुमारास तिने सात नंबरच्या आजींना न्हाणीत बसवलं, स्वतः दाराशी स्टुलावर टेकली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. आजी आपल्या आपण उठायला गेल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात नेलं, तिथे छातीत कफ भरला आणि सोळाव्या दिवशी त्या गेल्या. फार गोड बाई होत्या. मला रोज विचारायच्या, "मेट्रनबाई, आज तरी हसणार का?"

त्यांची मुलगी येऊन एकच विचारत राहिली, आई पडली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं? ट्रस्टने चौकशी लावली, मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता. अहवाल मी द्यायचा होता. मी लिहिलं, 'कामावर असताना आया गौरव्वा झोपी गेली.' त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तिची नोकरी जाईल, नोकरीबरोबर खोली जाईल, सासूला घेऊन ती रस्त्यावर येईल, हे सगळं मला दिसत होतं. पण ती का झोपली हे सांगायचं तर पाळ्यांचं रजिस्टर पुढे ठेवावं लागणार, आणि त्यातलं अक्षर माझं होतं. इतकी वर्षं जपलेलं नाव एका दुपारी धुळीला मिळालं असतं. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण माणसं कमी म्हणून चौकशीपर्यंत मी तिला कामावरच ठेवलं होतं.

मन खात होतं. मनाची समजूत घालायची माझी रीत ठरलेली होती, देवीला साकडं घालायचं. मंगळवारी दुपारी तीनला अहवाल आणि रजिस्टर पिशवीत घालून मी बंगळूरमधल्याच बनशंकरीच्या देवळात गेले. तिथली रीत वेगळीच आहे. ज्या राहुकाळात इतर ठिकाणी कुणी शुभ काम करत नाही, त्याच वेळी तिथे बायका लिंबाचे दिवे लावतात. लिंबू कापून पिळायचं, साल उलटी करून वाटी करायची आणि त्यात तूपवात घालायची. माझ्या दोन साली फाटल्या. मी मराठीत पुटपुटत होते, ते शेजारच्या बाईने ऐकलं असावं. साठीची असेल, कपाळभर कुंकू, साधं सुती लुगडं.

"द्या इकडं," म्हणाली. "स्वल्प अलगद उलटायचं असतंय." तिने चटकन वाटी करून दिली. "कुणासाठी लावायलाय, अक्का?"

"आमच्याकडे कामाला आहे एक. तिच्यावर संकट आलंय."

"मग ती कुठं हाय?"

"कामावर."

"मंगळवारी तासभर सोडत न्हाईत व्हय तिला? संकट तिचं आणि दिवा तुम्ही लावायचा?" ती आपली वात सारखी करत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. "तिचा साहेब लई कडक दिसतोय."

मग तिने आपल्यातली एक तयार वाटी माझ्यापुढे सरकवली. "ह्यो त्या साहेबाच्या नावानं लावा. तिच्यापेक्षा त्यालाच गरज हाय. देवी बुद्धी देईल त्याला."

तो दिवा मी लावला. लावताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने म्हणावं तर धूर सगळ्यांनाच लागत होता. मी डोकं टेकलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवीला म्हणाले की मला भीती वाटते. वर पाहिलं तेव्हा ती बाई गर्दीत कुठेशी गेली होती. ती कोण, याचा मी कधी शोध घेतला नाही. असेल बेळगावकडची कुणी, स्वतःची काळजी घेऊन आलेली. मला तिला गाठून काही विचारायचं नव्हतं. तिने सांगायचं ते सांगून झालं होतं.

पाच वाजता मी रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं आणि गौरव्वाच्या पाळ्या एकेक करून वाचल्या. वाचता वाचता मलाच धाप लागली. अध्यक्ष चक्रावले. म्हणाले, "पण मेट्रन, तुम्ही तर कुणाला सुट्टी नाकारत नाही ना?" मग मी त्यांना तसबिरीचं सांगितलं. सांगताना मला प्रथमच ते ऐकू आलं. देवीला पुढे करून मी बायकांचं तोंड बंद केलं होतं, आणि देवी बोलत नाही याची मला खात्री होती. आजींची मुलगी समोरच बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती उठून गेली. तिची क्षमा मला मिळाली नाही. मागायचं धाडसही मला झालं नाही.

महिनाअखेरीस माझं पद काढून घेतलं. नर्स म्हणून राहायचं तर राहा म्हणाले, मी राहिले. गौरव्वाची नोकरी राहिली आणि खोलीही राहिली. नव्या मेट्रनने पहिल्याच दिवशी प्रत्येकीच्या नावापुढे आठवड्याची सुट्टी लिहून टाकली, कुणी न मागता. इतकं सोपं होतं ते. देवीला शरण जा, शरण जा, असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि शरण मात्र त्या बायका जात होत्या, तेही मला. माझा चांगुलपणा मी कधी देवीच्या पायाशी ठेवलाच नव्हता. तो तिने त्या मंगळवारी काढून घेतला, याबद्दल मी रोज हात जोडते. आजींची आठवण येते, आणि ती थांबावी असं मी मागत नाही.

सभा संपल्यावर मी गौरव्वाकडे वॉर्डात गेले होते. ती एका आजींना पेज भरवत होती. मी म्हणाले, "तुझी नोकरी कुठे जात नाही. चूक माझी होती, तसं मी सांगितलंय." मला वाटलं होतं ती रडेल, पाया पडेल, काहीतरी म्हणेल. तिने वाटी खाली ठेवली.

"मग अक्का," ती म्हणाली, "आता मी झोपू?"

मी तिच्या हातातला चमचा घेतला. ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली होती. मी कुणालाही तिला उठवू दिलं नाही. त्या सबंध वर्षात माझ्याकडून धड झालेली तेवढी एकच गोष्ट, आणि तीही माझी होती असं मी म्हणत नाही.