फक्त हुशार मुलांसाठी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही शिरीषला ओळखत नाही — आणि उद्या भाजी घेताना आपली गाठ पडायची नाही.

शिरीष आणि मी मिळून प्रतापनगरला क्लास काढला होता. तो गणित शिकवायचा, मी विज्ञान. बाळंतपणाला माहेरी गेले, परत येऊन बघते तर बोर्डावर माझ्या नावाच्या जागी त्याच्या बायकोचं, शुभदाचं नाव! "आता तुला घर सांभाळायचंय ना," म्हणाला. मी काय केलं? हसले. हो — हसून त्यांच्याकडचा चहासुद्धा प्यायले. तो घोट अजून घशाखाली उतरलेला नाही.

मग मी घरी बसून दुकानांच्या, क्लासेसच्या जाहिराती लिहायला लागले. बरं जमलं. पुढे त्याच्या क्लासच्या शेजारी मोठा एसी क्लास उघडला, आणि शिरीष माझ्या दारात. "माधुरी, आपल्याकडेच का यावं, हे लोकांना एका ओळीत कळलं पाहिजे. तू तर घरचीच."

घरची!

ती ओळ मला तोंडपाठ होती. रेल्वे क्वार्टर्समधले गुजराती आईबाप येताजाता म्हणायचे, "अमारो ठोठ पण पास थई गयो." अगदी ढ पोरालाही शिरीष न चिडता, पुन्हा पुन्हा समजावून पास करायचा. आसपास असं दुसरं कोणी करत नव्हतं. तेवढंच लिहायचं होतं, बास. पण मला त्याचं दुखणं ठाऊक होतं. आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात मोठे साहेब, आणि नातू ढ पोरांचा मास्तर — त्याला लाज वाटायची. मी त्या लाजेलाच खतपाणी घातलं. गुजरातीत, ठळक अक्षरांत लिहून दिलं: फक्त हुशार मुलांसाठी. काय खूश झाला! "एकदम क्लिअर," म्हणाला. क्लिअर होतंच. हुशार मुलं एसीत गेली, आणि बाकीच्यांना कळलं की हे दार आपल्यासाठी नाही.

तुम्ही म्हणाल, उट्टं काढलंस, झालं. थांबा — अजून सांगायचंय.

बोर्ड लागल्यावर मी मुद्दाम बघायला गेले. वर्कशॉपमधून सुटलेला एक माणूस स्कूटर थांबवून वाचत होता. पोरीला इथे घेतील का, असं त्यानं मलाच विचारलं, "बेन, मारी छोकरी गणितमां काची छे. अहीं लेशे?" शिरीष आतच होता, हाक मारली असती तर बाहेर आला असता. मी काय म्हणाले? "ना भाई, नहीं ले." त्यानं मान हलवली आणि स्कूटर वळवली. मला इतका आनंद झाला की घरी येऊन शिरा केला. त्या पोरीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

क्लास बंद पडला. शिरीष आता नंदेसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो.

गेल्या गौरींना त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते. शुभदा सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "आमच्या पडत्या काळात हिनंच काय ती मदत केली." मला वाईट वाटलं असेल, असं वाटतंय तुम्हाला? नाही. बरं वाटलं — अगदी पोटातून. तिनं ओटी भरायला घेतली. मी पदर पुढे केला.