ईशाचं उत्तर ईशाला देऊ द्या

ठाण्याच्या डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावून सांगितलं, ईशाला सिव्हिअर डिप्रेशन आहे आणि सुइसाइड रिस्क हाय आहे. म्हणजे तीव्र नैराश्य, आणि जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा मोठा धोका. ईशा माझी मुलगी, अकरावीत. मी म्हटलं, काहीतरी चुकतंय. डोंबिवलीच्या आमच्या डॉक्टरांनी तर काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलेलं.

हा धोका रक्तात सापडत नाही, एक्स-रेत दिसत नाही. नुसते प्रश्न असतात. झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का. डोंबिवलीत ते ईशाला विचारले आणि उत्तरं मी दिली. आपल्याकडे पोराला दवाखान्यात नेलं की आईच बोलते. त्यात माझी जीभ म्हणजे काय, विचारायलाच नको. अभ्यासाचं टेन्शन, दुसरं काय, मीच म्हटलं. शेवटच्या प्रश्नाला ईशाने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग नाही म्हणून मान हलवली.

तरी ईशा खुलेना म्हणून ठाण्याला नेलं. तिथे मॅडमनी आधी मला बाहेर बसवलं. बाकावरच्या बाईंनी विचारलं, पेशंट कोण? मी म्हटलं, मीच. लोक काय म्हणतील म्हणून बिल्डिंगमध्येही ईशाला टायफॉइड झालाय असंच सांगितलं होतं. शेजारणी पेज घेऊन यायच्या आणि मी त्यांना ताप किती ते सांगायचे. घर माणसांनी भरलेलं असूनही इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला त्रास होईल म्हणून ती तेव्हा नाही म्हणाली. समोर कोण बसलंय, त्यावर मुलांचं उत्तर बदलतं. दिवसागणिकही बदलतं. म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचं. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही."

मग औषधं सुरू झाली, समुपदेशन सुरू झालं. घरातल्या धोक्याच्या वस्तू कुलपात गेल्या. तिला एकटं सोडायचं नव्हतं.

तुमच्यावर ही वेळ आली तर बाहेर जाऊन बसा. तो बाक खायला उठतो, तरी बसा.

ईशा आता बरीच सावरली आहे, पण मी विचारायचं सोडलेलं नाही. काल मेथी निवडताना विचारलं, जगणं नकोसं वाटतं का. माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली, सगळी गिळली.

"आज वाटतंय थोडं, आई," ती म्हणाली.

मी मेथी बाजूला सारली, तिला जवळ घेतलं आणि मॅडमना फोन लावला. या वेळी तिने ते माझ्यासमोर सांगितलं होतं.