बांड्याला आवतण

माणसाच्या सुखावर संशय घेणारे लोक आपल्याकडे पैशाला पासरी मिळतील, पण सुखी वावरावर, म्हणजे शेतावर, संशय घेणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. साडू हे नातंच मुळात अवघड. दोन बहिणींनी दोन ठिकाणी संसार मांडले म्हणून दोन अनोळखी पुरुषांनी जन्मभर एकमेकांना 'या, बसा' म्हणत राहायचं. त्यात आमचे साडू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, अबोल, आणि कुठलीही चांगली गोष्ट आधी उलटून पाहणारे. लग्नात पानात पडलेला लाडू ते फोडून बघत. पंखा लावला की वर मान करून त्याचा हूक पक्का आहे का ते बघत आणि मग खुर्ची जराशी सरकवून बसत. माझी पोरगी बारावीत पहिल्या वर्गात आली, घरात सगळे पेढे खात होते आणि हे म्हणाले, "पन पेपर कोनं तपासले?" मी पडलो मास्तर. ते पेपर दुसऱ्याच जिल्ह्यात गेले होते हे मला देवाची शपथ घेऊन सांगावं लागलं.

नांदगाव पेठच्या पलीकडे त्यांचं सात एकर वावर होतं. आहे अजूनही, पण त्यांच्या हातात नाही. ज्या वर्षी विहिरीत बादली तळाला आपटायला लागली आणि गुरांपुढे टाकायला मूठभर कुटार कोणी कोणाला देईना, त्या वर्षी त्यांनी बैलजोडी बाजारात नेली. मी सोबत गेलो होतो. एक बैल तापट होता, तो घेणाऱ्याच्या गाडीत चढायला तयार होईना, चौघं लागले. दुसरा बांड्या, पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचा, पुढच्या उजव्या पायानं जरा लंगडणारा. त्याचा कासरा माझ्या हातात होता. तो आपणहून फळीवर चढला, कारण साडूंचा हात त्याच्या पाठीवर होता आणि त्या हाताचं तो सगळं ऐकायचा. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हटलं, "दादा, चांगल्या घरी चालला." त्यांनी मान हलवली. गाडी कुठं चालली होती ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात त्यांनी वावर मक्त्यानं दिलं आणि स्वतः औद्योगिक वसाहतीतल्या एका सूतगिरणीच्या फाटकावर खाकी घालून बसले.

तेव्हापासून दर रविवारी सुटीच्या दिवशी ते अमरावतीला आमच्याकडे यायचे. जेवायचे, पेपरातलं हवामान वाचून 'हं' म्हणायचे आणि पाचच्या गाडीनं परत जायचे. एका दिवाळीत माझी पोरगी पुण्याहून आली. तिचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडेच पडून होता. तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "मावसाजी, या, तुम्हाला शेती करायला देते." तो एक खेळ होता. लांबच्या कुठल्याशा ग्रहावर एक पडीत वावर, आभाळात दोन चंद्र, माती जांभळी, एक लहानसं घर आणि पाणी वाहणारं चार पायांचं जुनाट यंत्र. पेरायचं, पाणी द्यायचं, झोपायचं, आणि सकाळी उठलं की पीक वीतभर वर. त्यात काहीच मरत नाही. पाणी चुकलं तर रोप जागच्या जागी थांबून तुमची वाट बघतं. पोरगी म्हणाली, मन शांत करायचा खेळ आहे.

साडूंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आधी कोन वाहत होतं हे वावर?" पोरीनं वाचून सांगितलं की एक म्हातारा होता, एक दिवस निघून गेला. "निघून गेला म्हंजे कसा?" ते काही लिहिलेलं नाही, पोरगी म्हणाली. त्या वर्षांत आमच्या भागात हा प्रश्न कोणी हसत विचारत नसे, आणि आमच्यापैकी कोणी हसलंही नाही. आमची ही उठली आणि चहा टाकायला गेली.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी ते जेवायच्या आधीच कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. अख्खा दिवस त्यांनी त्या वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं, फिरण्यात घालवला. पेरलं काहीच नाही. मी म्हटलं, दादा, बी फुकट आहे, टाका की. म्हणाले, "दिवाळीत कोन पेरते, मास्तर?" आणि खरोखर, मृग लागेपर्यंत सात महिने त्या ग्रहावर एक दाणा पडला नाही. मृगाला पेरलं, तेही एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, पाखरांसाठी सोडून. त्या ग्रहावर पाखरंच नाहीत, हे मी त्यांना दाखवलं. "असतीन. आपल्याले दिसून नाई राहिले," ते म्हणाले. खेळ रोज सकाळी उद्याचं हवामान सांगायचा आणि ते तंतोतंत खरं निघायचं, याचा त्यांना फार राग. एकदा त्यांनी मुद्दाम चार दिवस पाणी दिलं नाही, पीक मरतं का बघायला. मेलं नाही. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "हे खोटं हाय, मास्तर. जे मरत नाई, त्याची काळजी कशी कराची?" त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण हेच.

मग तरीही हे गृहस्थ त्या खुर्चीत बसत का राहिले? त्या यंत्रासाठी. डब्यासारखं अंग, पाठीवर पाण्याची टाकी, कपाळावर एक दिवा. जुनं दाखवायचं म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी ते जरासं लंगडतं केलेलं. पोरीनं सुरुवातीलाच विचारलं होतं, याचं नाव काय लिहू? "जनावराचं नाव आल्या आल्या ठेवत नाईत. स्वभाव पाहा लागते," म्हणून ती चौकट त्यांनी कोरीच ठेवली. ते लंगडतं हे ध्यानात आल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडून एक पूर्ण रविवार त्याच्या पायात काही रुतलंय का ते शोधून घेतलं. दोन खेपांच्या वर पाणी आणायला ते त्याला लावत नसत. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी गिरणीतून रजा काढून आले, हातात लोणी-हळदीची डबी. आमच्याकडे त्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीनं चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्याला आवतण देतात. साडूंनी कॉम्प्युटर लावला, बोटं बुडवली आणि पडद्यावर त्या यंत्राच्या खांद्याच्या जागी चोळली. "भाऊजी, काच आहे ती," आमची ही म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." मग मला म्हणाले, "लिहा नाव. बांड्या." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट कॉम्प्युटरपुढे होतं आणि बांड्या दिवसभर झाडाखाली उभा होता. पडद्यावरचा पिवळा डाग पुढं महिनाभर गेला नाही, मला बातम्या वाचताना सगळे मंत्री कावीळ झालेले दिसायचे.

अडचण एकच होती. त्या खेळात पहिली सुगी झाली की रोज सकाळी एक पाटी यायची: जुनं यंत्र मोडीत द्या, नवं घ्या, आणि पुढच्या खोऱ्यात चला. हो की नाही? साडूंनी पोरीकडून फोनवर नीट विचारून घेतलं, "कोनचं बटन दाबलं का थो जाते, थे सांग." तिनं सांगितलं, इंग्रजी वाय. त्यांनी औषधाच्या बाटलीचं बूच त्या बटनावर उपडं घातलं आणि वरून आडवी-उभी चिकटपट्टी मारली. माझ्या निवृत्तीच्या सगळ्या अर्जांत जिथं जिथं वाय येतो तिथं मी तो नंतर पेनानं काढलेला आहे. खेळातली प्रत्येक सकाळ उजाडली की पाटी यायची, हे 'नाही' दाबायचे, आणि तीन वर्षं त्यांची शेती त्याच एका खोऱ्यात चालली.

चौथ्या पोळ्याच्या आधी पोरीचा फोन आला. "मावसाजी अजून पहिल्याच खोऱ्यात? बाबा, पुढे नदी आहे. बारमाही. काठाला संत्र्यासारखी झाडं आहेत." माझ्या डोक्यात ती नदी बसली. या माणसानं आयुष्यभर विहिरीच्या तळाकडे पाहिलं, एकदा भरली नदी पाहू दे, असं मला मनापासून वाटलं. नवं यंत्र दोन दिवसांत आवडेल, मी स्वतःला सांगितलं. मास्तरकीचा हा दोषच आहे, दुसऱ्याचं भलं आपल्यालाच कळतं असं वाटणं. शनिवारी दुपारी मी चिकटपट्टी सोलली, बूच काढलं आणि बटन दाबलं. आभाळातून एक गाडी उतरली, तिची फळी उघडली, आणि बांड्या लंगडत लंगडत आपणहून वर चढला. मी बटनं दाबून पाहिली, सगळी दाबून पाहिली. फळी बंद झाली.

रविवारी साडू आले. दुसऱ्या दिवशी पोळा होता, हातात डबी होती. पडद्यावर निळी नदी वाहत होती आणि काठावर एक चकचकीत नवं यंत्र उभं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"हे काय होय?"

"नदी आहे, दादा. बाराही महिने पाणी."

"थे दिसून राहिलं. बांड्या कोठी हाय?"

माझ्या तोंडातून तेच निघालं, "चांगल्या घरी गेला, दादा."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. म्हणाले, "मास्तर, तुमी मागच्या बारीनंबी हेच म्हनलं होतं."

ओरडले नाहीत, उठून गेले नाहीत. चहा घेतला. टेबलावर पडलेलं बूच उचलून त्यांनी परत त्या बटनावर ठेवलं, चिकटपट्टी अंगठ्यानं सपाट केली, आणि पाचच्या गाडीनं गेले. मी पोरीला फोन करून जवळजवळ रडलोच. ती म्हणाली, गेलेलं परत येत नाही, बाबा, फार तर नवीन डाव मांडता येईल. मी मांडला. तेच वावर, तेच दोन चंद्र, तेच यंत्र, तसंच लंगडणारं. पुढच्या रविवारी त्यांना हाताला धरून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दिसते तसाच. पन थो नोय." मग वळता वळता म्हणाले, "पानी पाजा त्याले. तहानला असन."

त्यानंतर ते त्या खुर्चीत बसले नाहीत. रविवारी येतात, आता पाठीत वाकलेत, कॉम्प्युटरकडे पाठ करून बाजेवर पेपर वाचत पडतात. शेती मी करतो. मला काही येत नाही, तूर कुठली आणि तण कुठलं ते मला त्या ग्रहावरही कळत नाही. पण सकाळी पाटी आली की मी 'नाही' दाबतो, दोन खेपांच्या वर त्याला लावत नाही, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, ही देवळात गेली की, पडद्याला लोणी-हळद लावतो. नावाची चौकट अजून कोरी आहे. मी एकदा विचारलं होतं, काय लिहू? "तुमचा हाय थो. तुमी पाहा," ते म्हणाले. मात्र पेपरचं पान उलटताना, इकडे न बघता, ते दर रविवारी एकदा विचारतात, "पाजलं का?" आणि मी म्हणतो, "पाजलं, दादा."