केंद्राध्यक्ष शैलाआत्या

शैलाआत्या मत कुणाला देते, हे घरात कधीच कुणाला कळलं नाही. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, दर निवडणुकीत तिच्याकडून काढून घेऊ बघत. ती पोळी लाटता लाटताच म्हणे, "दादा, बोटावरची शाई बघ. तेवढंच दाखवायचं असतं."

झाशीत खंडेराव गेटजवळ आमचं घर. आत्या मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, नागरिकशास्त्र शिकवायची. वर्गात हिंदी, भाजीवालीशी बुंदेली, आणि रागावली की आमच्यावर मराठी. गेल्या लोकसभेला, निवृत्ती तोंडावर आलेली असताना, बरुआसागरकडच्या एका मतदान केंद्रावर तिला केंद्राध्यक्ष नेमलं. गुडघे दुखत होते. डॉक्टरची चिठ्ठी देऊन ड्यूटी टाळता आली असती. "जन्मभर पोरींना शिकवलं, एकदा करून बघू दे," म्हणाली आणि गेली.

तिथे काय झालं ते तिच्याबरोबर ड्यूटीवर असलेल्या मिश्राजींनी नंतर आम्हाला सांगितलं.

दुपारी गावातला एक वजनदार माणूस सुनेला घेऊन आला. तिच्या बोटाला शाई लागली आणि तिच्यामागोमाग तोही मतदान यंत्राच्या आडोशाकडे निघाला. "बहू को समझ नहीं है, बटन हम दबवा देंगे."

पक्षांचे एजंट खाली बघत राहिले. आत्या उठून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"बहू को दिखता है, हाथ भी ठीक हैं. बटन वही दबाएगी. आप बाहर जाइए."

"मास्टरनीजी, आपको लौटना भी तो है."

"जब तक आप अंदर हैं, वोटिंग बंद."

तिने खरंच मतदान थांबवलं आणि दारावरच्या पोलीस शिपायाला आत बोलावलं. बाहेर रांग उन्हात तापलेली. लोक त्या माणसावरच कुरकुरू लागले, तेव्हा तो निघून गेला. सून एकटी आडोशामागे गेली. बराच वेळ काही आवाज नाही. एक एजंट पुटपुटला, "अब क्या कर रही है?"

आत्या म्हणाली, "सोच रही है. सोचने दीजिए."

मग यंत्राची लांब बीप ऐकू आली.

त्या माणसाने वर तक्रार केली. आत्याने घडलं तसं लिहून दिलं आणि प्रकरण मिटलं.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. मला मात्र सारखा निकालाचा दिवस आठवतो. कुठल्याच पक्षाला एकट्याने बहुमत नव्हतं. वडील टीव्हीसमोर वैतागले होते. "आता आघाडी. रोजचे रुसवेफुगवे. कसा चालणार देश?"

"एकट्याच्या हातात सगळं आलं की विचारायची सवय सुटते, दादा. आता लहान पक्षांनाही विचारावं लागेल. वेळ लागेल, भांडतीलही. भांडू देत."

एरवी शेवटचा शब्द वडिलांचा असे. त्या दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"शैला, त्या माणसाची भीती नाही वाटली?"

"वाटली ना. घरी पोचेपर्यंत सारखी मागे वळून बघत होते. पण ती पोरगी आत होती. मी बाजूला कशी होणार?"

वडील उठून स्वयंपाकघरात गेले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी बहिणीसाठी स्वतः चहा ठेवला. तेवढ्यात शेजारचे तिवारीजी दारात आले. वडील आतूनच मोठ्याने म्हणाले, "बैठिए तिवारीजी, हमारी शैला से मिलिए." तिवारीजी तिला कित्येक वर्षं ओळखत होते.