यादीतून काढलेला दांडा

वसुबारस, दुपारचे दोन. चकलीची पहिली खेप तेलात होती आणि ओट्यावर फोन सारखा थरथरत होता.

यंदा भावाच्या बायकोने नवी टूम काढली होती. घरच्या ग्रुपवर यादी करायची. प्रत्येकाने दिवाळीला काय हवं ते लिहायचं. तीनच वस्तू, सोबत लिंक, साइज, रंग. जो देणार त्याने पुढे हिरवी खूण करायची. यादीबाहेरचं काही आणायचं नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटलं. माझ्याच माळ्यावर भेट आलेले तीन लेमन सेट खोक्यासकट पडून आहेत. म्हणून मीही लिंक शोधून एअर फ्रायर लिहिला. भाऊबीजेला भाऊ ताटात जे टाकेल ते मुकाट्याने घ्यायचं आणि घरी गेल्यावर नाक मुरडायचं, अशी आमच्याकडची रीत. तीही काही फार थोर नव्हती, पण ओवाळण्याआधी ऑर्डर लिहून देत नव्हतं कोणी.

वहिनीने स्वतःसाठी घड्याळ लिहिलं होतं. पुढे कंसात, ‘रोज गोल्डच, प्लीज.’ भावाने बूट लिहिले होते, जुने बूट अजून चकचकीत असताना.

तेवढ्यात आईचा फोन आला. ती बोरिवलीला या भावाकडेच राहते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले. फोनवर माझ्याशी मालवणीतच बोलते.

“गो, ती यादी करतत ना, तेच्यात माजा पण लिव.”

“काय लिहू?”

“बाथरूमात धरूक दांडो. नळाक धरून उठतंय मी. परवा नळच फिरलो हातात.”

“पडलीस?”

“पडलंय नाय गो. खाली बसलंय.”

“घरात सांगितलंस का?”

“दोनदा सांगलंय. आता यादीत लिव. यादीतला देतत ना?”

चकल्या काढल्या, गॅस बंद केला, हात धुतले आणि लिहिलं : आई – बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा.

पुढची खेप तळून होईपर्यंत ती ओळ नाहीशी झाली होती. तिथे आता ‘आई – फेस्टिव्ह कुर्ता सेट, मोरपंखी’ असं होतं आणि पुढे हिरवी खूण. आईने आयुष्यात कुर्ता घातलेला नाही. सुती साडी आणि घरात गाऊन, बस.

मी वहिनीला फोन लावला.

“आईची ओळ तू काढलीस?”

“ताई, अहो, दिवाळीला असं कोणी मागतं का? ग्रुपवर माझ्या माहेरचे पण आहेत. काय म्हणतील, सासूला साधा दांडा लावून देत नाहीत?”

“मग लावून द्या.”

“ते बघू ना नंतर. गिफ्ट कसं, जरा छान हवं. यांच्याशी बोला.”

भाऊ फोनवर आला तो वैतागूनच. “अगं, रिडेव्हलपमेंटमध्ये आत्ता कुठे घर मिळालंय. टाइल्स बघितल्यास ना? ड्रिल मारलं की वाट लागली.”

“आणि ती पडली तर?”

“सांगितलंय तिला, हाक मारत जा म्हणून.”

“बाथरूममधून? तू ऑफिसला असताना?”

“तू ना, प्रत्येक गोष्टीचा इश्यू करतेस यार.” त्याने फोन ठेवला.

मी पुन्हा ग्रुप उघडला. मोरपंखी कुर्त्याखाली तोवर चार जणांनी बदाम टाकले होते. म्हातारीने दोनदा तोंडाने सांगितलं ते घरात कोणी ऐकलं नाही, म्हणून ती बिचारी रांगेत येऊन उभी राहिली, तर तिला रांगेतूनही काढलं. कारण काय, तर मागणं दिसायला बरं नव्हतं. आणि याच भावाला मी दोन दिवसांपूर्वी एअर फ्रायरची लिंक पाठवली होती, काळा रंग चालेल असंही लिहून.

ग्रुपवर भांडले नाही. भांडून भिंतीला काही लागत नाही. आमच्या बिल्डिंगच्या प्लंबरला फोन करून सकाळी ड्रिल घेऊन यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. कांदिवलीतलं हार्डवेअरचं दुकान उघडताच दीड-दीड फुटांचे दोन दांडे घेतले आणि प्लंबरला रिक्षात घालून साडेनऊला बोरिवलीला पोचले.

भावाने टॉवेलवरच दार उघडलं. “अगं, फोन तरी करायचास.”

“काल केला होता.”

वहिनी मागून म्हणाली, “ताई, बिल्डरची गॅरंटी जाईल हो!”

“गॅरंटी टाइलची आहे ना? आईची कोणी दिलीय?”

मी थेट बाथरूममध्ये गेले. एक दांडा कमोडशेजारी, एक आंघोळीच्या जागी, उंची आईलाच उभं करून ठरवली. शेवटचं भोक पाडताना एका टाइलला केसाएवढी चीर गेली. दाराशी उभ्या भावाने कपाळावर हात मारला. मी प्लंबरला म्हटलं, “थांबू नका, स्क्रू पिळा.”

काम झाल्यावर आईने आधी दांडा दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितला. “घट आसा,” म्हणाली. मी तिला दोनदा बसवलं, दोनदा उठायला लावलं. दुसऱ्या वेळी तिने एकाच हाताने धरलं. मग टाइलची पांढरी पूड झाडली, फरशी कोरडी पुसली आणि घरी निघाले. शंकरपाळे व्हायचे होते.